एकच फाइल, दोन पत्ते

आमच्याकडील एका जुन्या ग्रंथालयात हस्तलिखित हिशेबवह्यांची छायाचित्रे घेण्याचे काम काही काळ चालले होते. कागद ठिसूळ झालेला, शाई उडत चाललेली. पान दुसऱ्यांदा उलटले तर हातात तुकडे येतील अशी अवस्था. तेव्हा जे काय टिपून घ्यायचे ते एकदाच, असे ठरले. प्रत्येक पानाच्या दर्शनी बाजूच्या छायाचित्राला रोमन कॅपिटल 'ए' आणि पानाचा क्रमांक, व पाठच्या बाजूला स्मॉल 'ए' आणि तोच क्रमांक, अशी नावे देण्याची युक्ती मीच सुचविली होती. सुटसुटीत वाटली, शिवाय सुचविणारा मी असल्यामुळे मला ती विशेषच आवडली. एका वहीची ४१२ छायाचित्रे लिनक्स प्रणालीच्या संगणकावर साठली. 'टार' नावाच्या साधनाने त्यांचा एक गठ्ठा बांधला आणि तो ग्रंथालयाच्या कचेरीतील विंडोजच्या संगणकावर नेऊन त्याच 'टार'च्या विंडोजवर चालणाऱ्या अवताराने सोडला. काम विनातक्रार पार पडले. पडद्यावर चुकीची एक ओळही उमटली नाही.

ग्रंथपाल जुन्या वळणाचे गृहस्थ. पुस्तके परत आली की ती मोजून घेण्याची सवय. त्यांनी फाइली मोजल्या आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्या २०६ आहेत."

नेमक्या निम्म्या! मी प्रथम त्यांच्या मोजण्यावरच शंका घेतली, ही गोष्ट कबूल करायला हवी. मग उलगडा झाला. लिनक्सच्या लेखी कॅपिटल 'ए' आणि स्मॉल 'ए' ही दोन निराळी अक्षरे, म्हणून दोन निराळ्या फाइली. विंडोजच्या लेखी ते एकच नाव. गठ्ठ्यातून पहिली फाइल बाहेर आली, जागेवर बसली. तिच्या मागून दुसरी आली, तिने 'हे घर माझेच' म्हणून पहिलीला बाहेर काढले व स्वतः तेथे राहिली. कुठे दर्शनी बाजू उरली, कुठे पाठची; गठ्ठ्यात जी नंतर आली तिचा जय. मूळ गठ्ठा अजून पुसला नव्हता म्हणून आमची अब्रू वाचली, आणि ती वहीही.

आजच्या भाषणाचा विषय ह्या प्रसंगातूनच निघाला आहे. युनिक्सच्या वळणाची, आज्ञा टंकून चालवायची साधने आज विंडोजवर सर्रास वापरली जातात. कार्यक्रम लिहिणारे, हस्तलिखिते जतन करणारे, छापखान्यात मजकूर जुळविणारे, सगळेच ती वापरतात. साधने तीच, त्यांची नावे तीच, परंतु ज्या जमिनीवर ती उभी राहतात तेथील पत्ते लिहिण्याची रीत अगदी निराळी आहे. आणि फाइल म्हणजे शेवटी काय? पत्ता सापडला तर ती आहे, नाही तर नाही.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ह्यांनी घडवायला घेतली. तिची कल्पना एखाद्या मोठ्या वाड्यासारखी आहे. दिंडी दरवाजा एकच. आत चौक, माजघर, कोठीची खोली, वरचा माळा. त्या दरवाजाचे चिन्ह म्हणजे एकटा स्लॅश, / . कोणत्याही फाइलीचा संपूर्ण पत्ता तेथून सुरू होतो आणि प्रत्येक दालनानंतर पुन्हा तेच चिन्ह येते. नवी डिस्क जोडली तरी नवा दरवाजा पडत नाही. वाड्यातलीच एखादी रिकामी खोली तिला नेमून दिली जाते व तिचा सारा संसार त्या खोलीच्या आत मांडला जातो.

विंडोजचा वंश वेगळा. गॅरी किल्डॉल ह्यांनी १९७४ साली सीपी/एम नावाची प्रणाली केली, तीत प्रत्येक डिस्कला एक अक्षर दिलेले असे. त्याच वळणावर पुढे १९८१ साली मायक्रोसॉफ्टची डॉस प्रणाली आली. येथे वाडा नाही. शेजारी शेजारी बांधलेले स्वतंत्र बंगले आहेत, प्रत्येकावर पाटी : ए, बी, सी. पहिल्या डॉसमध्ये तर बंगल्याच्या आत खोल्याही नव्हत्या. सगळ्या फाइली एकाच दिवाणखान्यात. फ्लॉपी एवढीशी, तिच्यात खोल्या हव्यात कशाला? पहिली दोन अक्षरे फ्लॉपीसाठी राखून ठेवली गेली आणि हार्ड डिस्कला 'सी' मिळाले. आज बहुतेक संगणकांवर फ्लॉपीचे नावही राहिलेले नाही, तरी मुख्य डिस्क अजून 'सी'च आहे. दोन थोरले भाऊ घर सोडून गेले, पण तिसऱ्याचे नाव तिसराच राहिले.

१९८३ साली आयबीएमचा एक्सटी संगणक दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. एवढ्या मोठ्या जागेत खोल्या पाडणे भागच होते. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने ती कल्पना युनिक्सकडून घेतली. मायक्रोसॉफ्ट त्या वेळी झेनिक्स ह्या नावाने युनिक्सचीच एक आवृत्ती विकत होती, त्यामुळे परिचय घरचाच होता. परंतु / हे चिन्ह घेता येईना. डॉसच्या आज्ञांना पुरवणी सूचना देण्यासाठी ते आधीच खर्ची पडले होते. 'यादी दाखव' ह्या आज्ञेपुढे / व एक अक्षर लिहिले की 'यादी रुंद दाखव' असा अर्थ होई. मग खोल्या वेगळ्या दाखवायला उलट बाजूस झुकलेले चिन्ह घेतले, \ , म्हणजे बॅकस्लॅश. (नभोवाणीवर ही दोन चिन्हे हाताने करून दाखविता येत नाहीत, छापील मजकुरात वाचकांना ती दिसतीलच.) जपानी विंडोजवर त्या स्थानी कित्येक अक्षरवळणांत येन नाण्याचे चिन्ह दिसते, त्यामुळे तेथील लोकांना आपल्या फाइलींचे पत्ते पैशांच्या हिशेबासारखे वाचावे लागतात.

गंमत अशी की, विंडोजच्या गाभ्याला / चे काहीच वावडे नाही. पत्त्यात ही रेघ आली तरी तो बहुतेक ठिकाणी ती निमूटपणे समजून घेतो. अडते ते वरच्या मजल्यावर, आज्ञा वाचणाऱ्या साधनांच्या पातळीवर. 'सूचना आली' म्हणून ती दचकतात.

युनिक्सच्या बाजूला दचकण्याचे कारण आणखी खोल आहे. तेथे आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमाला शेल म्हणतात. शेलच्या दृष्टीने \ ह्या चिन्हाचा अर्थ 'पुढच्या अक्षराचा विशेष गुण काढून टाक' असा आहे, आणि एवढे काम केले की ते चिन्ह स्वतः नाहीसे होते. समजा, कोणी विंडोजच्या सवयीने सी:\यूझर्स\आशा असा पत्ता अवतरणचिन्हांवाचून टंकला. शेल दोन्ही रेघा गिळून टाकतो व साधनाच्या हाती सी:यूझर्सआशा एवढाच गोळा पडतो. असा पत्ता कुठेच नसतो. कार्यक्रम लिहिण्याच्या भाषांत तर आणखी बिकट प्रसंग येतो. सी भाषेत व तिच्या वळणाच्या अनेक भाषांत बॅकस्लॅशनंतर रोमन 'एन' आले की त्याचा अर्थ 'नवी ओळ' आणि 'टी' आले की 'स्तंभ सोड'. खोलीचे नाव दुर्दैवाने ह्या अक्षराने सुरू होत असले, तर पत्ता मध्येच तुटून दोन ओळींत पडतो. पत्ता एकाच अवतरणचिन्हांच्या जोडीत बंद करून शेलच्या हाती दिला तर पहिले संकट टळते. परंतु हा उपाय चुकल्यावरच सुचतो.

आता दुभाष्यांकडे वळू. दोन रीतींच्या मध्ये उभे राहून पत्त्यांचे भाषांतर करणारी तीन मंडळी आज मुख्यतः आढळतात, आणि तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

सर्वांत वडील सिगविन. सिग्नस सोल्यूशन्स ह्या कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन ह्यांनी १९९५ साली हे काम सुरू केले. सिगविन विंडोजच्या जमिनीवर युनिक्सचा वाडा उभा केल्याचा भास निर्माण करतो. विंडोजचा 'सी' हा बंगला त्याच्या वाड्यात /सिगड्राइव्ह/सी ह्या खोलीत दिसतो. जोपर्यंत आपण सिगविनसाठी बांधलेली साधने वापरतो तोपर्यंत सारे सुरळीत. पण त्यातून एखादे अस्सल विंडोजचे साधन बोलावले आणि त्याच्या हाती /सिगड्राइव्ह/सी/वही असा पत्ता दिला, की ते गोंधळून जाते. त्याच्या जगात असा वाडाच नाही. ह्यासाठी सिगविनने 'सिगपाथ' हे साधन दिले आहे. त्याला एका रीतीचा पत्ता द्यावा, ते दुसऱ्या रीतीचा परत देते. सिगविन मध्ये पडून अंदाज करीत नाही. भाषांतर हवे असेल तर मागून घ्या, असा त्याचा रोखठोक कारभार आहे.

दुसरा दुभाषी एमसिस. विंडोजवर गिट नावाचे साधन घेणाऱ्याला त्याच्याबरोबर 'गिट बॅश' ही खिडकी मिळते, तिच्यामागे हाच उभा असतो. हा मोठा उत्साही. आपण काही सांगण्याआधीच भाषांतर करून मोकळा होतो. विंडोजच्या साधनाला पाठविल्या जाणाऱ्या ज्या ज्या शब्दाच्या आरंभी / दिसेल, तो पत्ताच असणार असे धरून तो त्याला विंडोजचे रूप देतो. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर ठरतो, आणि म्हणूनच चुकतो तेव्हा माणूस गांगरतो. विंडोजच्या स्वतःच्या आज्ञावाचकाला '/सी' अशी सूचना देण्याची पद्धत आहे. अर्थ, 'पुढील आज्ञा पार पाड व थांब.' एमसिसला वाटते, हा 'सी' डिस्कचाच पत्ता. तो त्याला डिस्कच्या पत्त्याचे रूप देतो. आज्ञा पार पडत नाही आणि समोर रिकामी खिडकी उघडी राहते. डॉकर वापरणाऱ्यांचा अनुभव ह्याहून विलक्षण आहे. डॉकर हे कार्यक्रम स्वतंत्र पेटीत बंद करून चालविण्याचे साधन आहे व त्या पेटीच्या आत बहुधा लिनक्सच असते. पेटीतल्या /डेटा ह्या खोलीचा पत्ता दिला, तर उत्साही दुभाषी त्याचे 'सी:/प्रोग्रॅम फाइल्स/गिट/डेटा' असे भाषांतर करून पेटीच्या आत पाठवितो. का, तर त्याच्या वाड्याचा दिंडी दरवाजा विंडोजच्या त्या खोलीत उघडतो! आरंभी दोन रेघा दिल्या तर पुष्कळदा तो हात आखडता घेतो, आणि भाषांतर पूर्ण बंद ठेवण्याचीही सोय आहे. ती सोय असते हे शोधून काढण्यात लोकांची दुपार जाते.

माझे मत विचाराल तर मला वडील दुभाषी अधिक विश्वासाचा वाटतो. न विचारता केलेली मदत पकडायला फार कठीण असते.

तिसरी व्यवस्था मायक्रोसॉफ्टनेच २०१६ साली विंडोज १० मध्ये आणली. तिचे नाव डब्ल्यूएसएल. विंडोजच्या आत लिनक्सची साधने जशीच्या तशी चालविण्याची ही सोय. येथे 'सी' डिस्क /एमएनटी/सी ह्या खोलीत दिसते. २०२० साली बाहेर पडलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत तर लिनक्सचा खराखुरा गाभाच आत बसविला गेला. त्या लिनक्सला स्वतःची निराळी डिस्क असते, आणि तीत कॅपिटल व स्मॉल अक्षरांचा भेद पाळला जातो. पण सरहद्द ओलांडून /एमएनटी/सी मध्ये पुष्कळ बारीक बारीक फाइलींची ने-आण केली की गती फार मंदावते. जकातनाक्यावर प्रत्येक पोतडी उघडून पाहतात तसेच हे. म्हणून ज्या बाजूची साधने, त्याच बाजूला फाइली ठेवाव्यात.

ह्या तिघांपैकी कोणाच्याही सावलीत एक चिन्ह कायम दगा देते : विसर्गासारखे दिसणारे ते दोन टिंबांचे चिन्ह. विंडोजमध्ये ते डिस्कच्या अक्षरामागे येते. युनिक्समध्ये मात्र ते दुसऱ्या संगणकाचे नाव आणि तेथील फाइल ह्यांच्या मध्ये लिहिण्याची जुनी प्रथा आहे. मग 'टार'ला सी: ने सुरू होणारा गठ्ठ्याचा पत्ता दिला की ते 'सी' नावाचा दूरचा संगणक जगभर शोधू लागते आणि सापडत नाही म्हणून कुरकुरते. फाइली जुळवून ठेवणारे 'आरसिंक' त्याहून वरचढ. त्याला सी: वरून डी: वर नक्कल करायला सांगा, ते गंभीरपणे उत्तर देते की, मूळ व गंतव्य दोन्ही दूरच्या संगणकांवर असू शकत नाहीत. दोन्ही डिस्का तर आपल्या मांडीशी असलेल्या पेटीत! अशा वेळी डिस्कचा पत्ता युनिक्सच्या रीतीनेच लिहावा, म्हणजे टिंबांचा प्रश्न उद्भवत नाही. निदान येथे साधन ओरडते तरी. ग्रंथालयातील प्रसंगी कोणी ओरडलेच नव्हते.

विंडोजमध्ये काही नावेच निषिद्ध आहेत, हेही सांगून टाकतो. पहिल्या डॉसमध्ये खोल्या नसल्यामुळे छपाईयंत्र, पडदा इत्यादींना दिलेली पीआरएन, कॉन, ऑक्स, नल ही नावे फाइलींच्याच रांगेत बसत. खोल्या आल्यावर जुने कार्यक्रम मोडू नयेत म्हणून ती नावे प्रत्येक खोलीत राखीव मानली गेली, आणि विंडोज १० पर्यंत तरी नावापुढे टिंब देऊन आणखी काही जोडले तरी सुटका नसे. लिनक्सच्या गाभ्याच्या मूळ मजकुरातच ऑक्स नावाची एक फाइल आहे. तो मजकूर विंडोजवर उतरवून घेताना गिट तेथे अडून बसते. त्याच मजकुरात केवळ कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी वेगळ्या असलेल्या फाइलींच्या जोड्याही आहेत. म्हणजे आमचीच २०६ ची कथा, फक्त मोठ्या घरची. २०१८ पासून विंडोजवर एखाद्या खोलीपुरता हा भेद पाळायला सांगता येतो. आम्हाला ते नंतर कळले.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही, तेव्हा मराठी नावांना हा उपद्रव होत नाही. परंतु दुसरे आहेत. विंडोज नावाची लांबी अक्षरचिन्हांत मोजते, बहुतेक लिनक्स डिस्का बाइटांत मोजतात, आणि मर्यादा दोन्हीकडे २५५ अशीच लिहिलेली असते. 'सूर्य' ह्या शब्दात डोळ्याला दोन अक्षरे दिसतात. संगणक पाच मोजतो : स, दीर्घ उकार, र, हलन्ताचे चिन्ह आणि य. लिनक्सवर रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतात ह्यांतील प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका 'सूर्य'ला १५. हिशेब करा : विंडोजवर २५५ चिन्हांचे मराठी नाव चालते, लिनक्सवर ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव व वर्ष हे सारे फाइलीच्या नावात भरण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा; विंडोजवर जपलेली अशी फाइल डब्ल्यूएसएलच्या आतल्या डिस्कवर नेता येत नाही.

गिटला मराठी नावाची फाइल दाखविली तर मूळ मांडणीत ते 'म' ऐवजी \३४०\२४४\२५६ असे काही तरी छापते, आकडे अर्थातच इंग्रजी वळणाचे. घाबरण्याचे कारण नाही. नाव बिघडलेले नसते, फक्त त्याच्या तीन बाइटांचे आकडे मांडलेले असतात; एक मांडणी बदलली की नाव मराठीत दिसू लागते. विंडोजखेरीज ॲपलच्या मॅकचाही एक अनुभव आपल्या भाषेपुरता सांगण्यासारखा आहे. 'दऱ्या', 'सुऱ्या' ह्या शब्दांतील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध चिन्हाने, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता जोडून. मॅकची २०१७ पूर्वीची डिस्करचना नावे साठविताना एकसंध चिन्हाची फोड करी. अशा डिस्कवरून गठ्ठा लिनक्सवर आणला की फाइल समोर दिसते, तिचे नाव आपण अचूक टंकतो, आणि उत्तर येते, 'अशी फाइल नाही'. दिसायला सारखी, बाइटांनी निराळी.

हे सारे समजल्यावर आम्ही ती वही पुन्हा सोडवून घेतली. मूळ गठ्ठा लिनक्सवरच उघडला, तेथेच नावे बदलली. दर्शनी बाजूसाठी 'द', पाठच्या बाजूसाठी 'पा', मग पानाचा क्रमांक. नावात जागा सोडायची नाही, दोन टिंबांचे चिन्ह वापरायचे नाही. नव्या नावांनी गठ्ठा बांधला, कचेरीत आणला, सोडला. ह्या खेपेस दोन्ही संगणकांवर फाइली मोजण्याची आज्ञा मी स्वतः दिली व दोन्हीकडे आकडा ४१२ आला. ग्रंथपालांनी पडद्याकडे पाहिले, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढून पहिल्या पानापासून हाताने मोजायला सुरुवात केली.